उठण्याआधीचा क्षण

डॉक्टर विचारतात, "कधीपासून दुखतंय?" आणि उत्तर सापडत नाही. जिन्यावरून घसरलो असतो, जड काही उचलताना चमक निघाली असती, तर तारीखवार सांगता आलं असतं. पण मानेचं, खवाट्याचं, कंबरेचं बहुतेक दुखणं असं कळवून येत नाही. आधी संध्याकाळी जरा अवघडल्यासारखं वाटतं. मग दुपारपासूनच वाटायला लागतं. मग एखाद्या सकाळी मान एका बाजूला वळेनाशी होते, आणि आपण झोपेवर खापर फोडून मोकळे होतो. उशी बदलतो. गादी बदलतो. दिवसभर आपण त्या मानेचं काय केलं, याची चौकशी मात्र सहसा होत नाही.

माझं दुखणं उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेचं. संपादनाचं काम म्हटलं की तासन् तास मजकुरात डोकं घालून बसणं आलंच. हात माऊसवर, नजर ओळीवर, आणि खांदा नकळत कानाकडे चढलेला. तो ठणका आता पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी आहे. तो कशाने कमी झाला, याचा विचार करत गेले तसतसं बरंच वाचलं, बरंच करून पाहिलं. त्यातून एक गोष्ट इतकी स्पष्ट झाली की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. या विषयावरचे बहुतेक सल्ले एकाच हुकमावर येऊन थांबतात: ताठ बसा. आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच सुरू होते.

हा हुकूम ऐकल्यावर आपण काय करतो ते पाहा. छाती पुढे काढतो, खांदे मागे खेचतो, कंबरेत खळगा पडेल इतकी पाठ ताणतो. हनुवटी वर जाते आणि श्वास बहुतेक वेळा तिथेच अडकतो. मिनिटभर हे जमतं. कामात लक्ष गेलं की खांदे पुढे येतात, पाठीला बाक येतो, मान पडद्याच्या दिशेने निघते. कधीतरी आठवण होते, अपराधी वाटतं, आणि पुन्हा सगळं ताणून धरलं जातं. पोक काढून बसलं की काही स्नायू ताणलेले राहतात, ताणून बसलं की दुसरे काही आवळलेले राहतात. दुखणं जागा बदलतं, एवढंच.

मणक्यांमधल्या गाद्यांवर किती दाब येतो, हे प्रत्यक्ष मोजण्याचे प्रयत्न झालेले आहेत. स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कंबरेतल्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसण्यात तो जास्त असतो, असं त्यांना दिसलं. बसणं पाठीला वाईट, या समजुतीला तिथून मोठं बळ मिळालं. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथले हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीत दाबमापक बसवला आणि रोजच्या हालचाली करताना काय होतं ते टिपलं. सैल उभं असताना दाब ०.५० मेगापास्कल. पाठीला टेका न घेता सैल बसल्यावर ०.४६. मुद्दाम पाठ ताणून ताठ बसल्यावर ०.५५. आणि खुर्चीत मागे रेलून अंग सैल सोडल्यावर जेमतेम ०.२७. माणूस एकच होता, तेव्हा या आकड्यांवर फार इमले रचू नयेत. शिवाय दाब जास्त म्हणजे दुखणं जास्त, असं सरळ गणितही नाही. तरी मागे रेलून बसणाऱ्याला आजवर जी बोलणी खावी लागली, ती विनाकारण असावी, असं यातून वाटतं.

असाच एक आकडा मोबाइलच्या बाबतीत फिरतो. मान साठ अंश खाली झुकवली की तिच्यावर सत्तावीस किलोंचा भार येतो, असं सांगितलं जातं. हा आकडा २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जनने संगणकावरच्या प्रतिमानातून काढला होता, माणसांवर मोजलेला नव्हता. डोकं पाच किलोंच्या आसपास असतं आणि ते पुढे गेलं की मानेच्या मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं, हे खरंच आहे. पण मानेला पुढे वाकता येतं ते वाकण्यासाठीच. तिला वाकवून तासभर तशीच ठेवणं हा वेगळा प्रकार आहे. वाकण्याची भीती घालणारे लोक हा फरक सांगत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. कारण भीतीने माणूस आणखी आखडतो, आणि आखडलेलं अंग जास्त दुखतं.

भीतीचा विषय निघालाच आहे तर एमआरआयबद्दलही बोलायला हवं. 'गादी बाहेर आलीय', 'मणक्यांत गॅप आलाय' हे शब्द अहवालात वाचले की माणूस स्वतःला मोडका समजायला लागतो. १९९४ मध्ये अमेरिकेत, ज्यांना कंबरदुखी नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या ५२ टक्क्यांच्या कंबरेत किमान एका ठिकाणी गादी फुगलेली होती. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३० टक्क्यांमध्ये आणि ऐंशीच्या घरातल्यांपैकी ८४ टक्क्यांमध्ये गादी फुगलेली दिसते, असं त्यात आढळलं. केस पिकतात तशा गाद्याही पिकतात. अहवालात दिसलेलं काहीतरी दुखण्याचं कारण असू शकतं, पण असेलच असं नाही. आणि ते असलं तरी हालचालींत सुधारणा होणार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग शरीराला हवं तरी काय असतं? गादीपुरतं सांगायचं तर तिला आतून रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. मोठ्या माणसाच्या शरीरात ती स्पंजप्रमाणे जगते: दाब आला की पाणी बाहेर जातं, दाब सुटला की आत येतं, आणि पोषण आजूबाजूच्या हाडांतून झिरपत पोचतं. दिवसभरात आपली उंची सुमारे एक टक्क्याने घटते आणि रात्री भरून येते, ती याचमुळे. एका जागी तासन् तास बसून राहिलं की ही ये-जा मंदावते. मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सतत एका बाजूला ताणले गेले की हळूहळू सैलावतात आणि उठल्या उठल्या लगेच पूर्ववत होत नाहीत. स्नायूंचं म्हणाल, तर तो सुटतच नसेल, तर थोड्याशा ताणाचंही त्यांना ओझं होतं. माऊसवर ठेवलेल्या हाताचं वजन ते काय? पण तो हात हवेत तोलून धरणारा मान-खांद्यामधला स्नायू दिवसभर एक क्षणही सुटत नाही. संध्याकाळी तो ठणकला तर त्यात नवल नाही.

म्हणजे बसण्याची एकच बरोबर पद्धत शोधत बसण्यात अर्थ नाही. पोक काढूनही बसावं, रेलूनही बसावं, सरळही बसावं, एक पाय वर घेऊनही बसावं, मग उठावं. उभं राहून काम करण्याच्या उंच टेबलांचंही तेच. दिवसभर उभं राहिलं की टाचा आणि कंबर तक्रार करायला लागतात. टेबल वर-खाली होतं, हाच त्याचा खरा उपयोग.

इथवर बरेच लोक सहमत होतात, आणि इथेच खरा प्रश्न उभा राहतो. हे सगळं कळूनही आपण बदलत का नाही? दर अर्ध्या तासाला उठायचं हे ठाऊक असतं, तरी तीन तास कसे गेले ते कळत नाही. खांदा वर चढलाय हे आरशात दिसल्याशिवाय कळत नाही. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. सवय झालेली स्थिती शरीराला जाणवेनाशीच होते.

आपला हात कुठे आहे हे डोळे मिटूनही आपल्याला कळतं. स्नायू, कंडरा आणि सांधे यांतून मेंदूला सतत खबर जात असते. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या आतल्या जाणिवेला स्वतंत्र नाव दिलं. पुढे १९३२ मध्ये मज्जापेशींच्या कार्यावरच्या संशोधनासाठी त्याला नोबेल मिळालं. ही जाणीव अफाट उपयोगी आहे, पण ती टिपते ते मुख्यतः बदल. जे सतत तसंच आहे, त्याची नोंद ती घेईनाशी होते. मनगटावरचं घड्याळ थोड्या वेळाने जाणवत नाही. चढलेला खांदाही तसाच जाणवत नाही. आणि कुणी तो हाताने धरून योग्य जागी आणला, तर 'आता वाकडं वाटतंय' असं आपण म्हणतो. फिजिओथेरपिस्टने पहिल्यांदा माझे दोन्ही खांदे समान पातळीवर आणले, तेव्हा उजवा खांदा खाली लोंबतोय असं मला खात्रीने वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "वाटू दे तुम्हाला. आरशात बघा." आरशात ते सरळ होते.

ही गोष्ट एका माणसाने फार चिकाटीने तपासली होती. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर, जन्म १८६९, ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया. रंगमंचावर काव्यवाचन करणारा हा माणूस. कार्यक्रमात त्याचा घसा बसायचा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली की आवाज परत यायचा आणि पुन्हा रंगमंचावर उभा राहिला की जायचा. त्याने विचार केला, विश्रांतीने बरं वाटतं आणि बोलताना बिघडतं, म्हणजे बोलताना मी स्वतःच काहीतरी करत असणार. तो आरशासमोर उभा राहिला आणि स्वतःला बोलताना न्याहाळू लागला. त्याला दिसलं, की बोलायला सुरुवात करताना तो डोकं मागे खेचतो, स्वरयंत्र खाली दाबतो आणि तोंडाने आवाज करत हवा आत ओढतो. साधं बोलतानाही हे थोडंफार व्हायचं, वाचन करताना वाढायचं.

इथवर कुणीही पोचलं असतं. पुढचा भाग मला विलक्षण वाटतो. डोकं मागे न नेता पुढे ठेवायचं, असं त्याने ठरवलं. तसं तो करू लागला, आणि आपण तसं करतोय याची त्याला खात्रीही होती. मग त्याने बाजूलाही आरसे लावले. त्यात दिसलं, की बोलायच्या क्षणी तो ठरवलं त्याच्या उलट, डोकं मागेच नेत होता. आतून जे वाटत होतं त्यावर विसंबून सुधारणा करता येणार नव्हती, कारण ते वाटणंच सवयीने घडलेलं होतं. शेवटी त्याने हालचालीच्या आधीच्या क्षणावर लक्ष वळवलं. बोलायचंय असा विचार येताच मान आवळली जायची. म्हणून तो विचार येऊ द्यायचा, आणि लगेच बोलायचं नाही. थांबायचं. कधी बोलायचं, कधी काहीच करायचं नाही, कधी त्याऐवजी हातच उचलायचा. असं करत करत जुनी वाट सुटली. त्याच्या सगळ्या सिद्धान्तांशी मी सहमत नाही. डोकं आणि मान यांचं नातं सुधारलं की सगळंच सुधारतं, इतकं सोपं शरीर नाही. पण सवयीची जागा त्याने अचूक ओळखली. ती हालचालीच्या आधी असते.

तुम्ही बसून हे वाचत असाल तर करून पाहा. खुर्चीच्या कडेशी सरकून बसा. पावलं पूर्ण जमिनीवर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. एका हाताची बोटं मानेच्या मागे, कवटी जिथे मानेला मिळते तिथल्या खळग्यात अगदी हलकी टेकवा. आता नेहमीसारखं उठा.

बहुतेकांना बोटांखाली जाणवेल, की बूड खुर्चीवरून सुटायच्या आधीच तिथले स्नायू कडक झाले. डोकं मागे कललं, हनुवटी वर आली. काहींचा श्वास थांबला असेल, काहींनी दुसऱ्या हाताने मांडीवर जोर दिला असेल. उठण्याचं काम पायांचं आणि खुब्यांचं आहे. मानेने त्यात एवढा भार घ्यायचं कारण नाही. आणि कवटीखालचे ते छोटे स्नायू साधे नाहीत. शरीराची स्थिती मेंदूला कळवणारे संवेदक त्यांच्यात फार दाटीने असतात. ते सतत आवळलेले राहिले, तर खबर देण्याचं त्यांचं कामही बिघडत असणार, असा माझा तर्क आहे.

आता पुन्हा बसा. बोटं तिथेच. 'उठते' किंवा 'उठतो' असं मनात म्हणा आणि उठू नका. बारकाईने लक्ष दिलं तर तरीही बोटांखाली काहीतरी हललेलं कळेल. निव्वळ ठरवण्याने मान तयार होते. ती सैल होईपर्यंत थांबा. मग खुब्यातून पुढे झुका, नजर समोरच्या जमिनीवरून सरकत जाऊ द्या, डोकं पाठीच्या पुढे, लांब. वजन पावलांवर आलं की गुडघे पुढे जातात आणि पाय आपोआप सरळ होऊ लागतात. पहिल्यांदा जमेलच असं नाही. जमलं तर आपण पुरेसे उठलोच नाही, असं काहीसं अपुरं वाटेल. अपरिचित वाटतंय म्हणजे हालचाल खरोखर बदलली.

दिवसातून आपण किती वेळा उठतो-बसतो! व्यायामाला वेळ नाही म्हणणाऱ्यालाही या उठण्या-बसण्यातून सुटका नाही. म्हणून मला हे व्यायामापेक्षाही मोलाचं वाटतं. एकेक उठणं लक्ष देऊन करण्याची गरज नाही, तसं कुणाला जमणारही नाही. सकाळचं पहिलं उठणं, जेवून उठणं, फोन वाजला म्हणून उठणं, अशा एखाद्या ठरावीक उठण्याला हे लक्ष जोडलं की पुरतं. फोन वाजला की आपण किती घाईने आवळलो जातो, हे पाहणंही शिकवून जातं. मी आता पहिल्या घंटीला हात पुढे करत नाही. खांदा उतरू देते आणि मग उचलते.

अलेक्झांडरच्या या पद्धतीची रीतसर चाचणीही झालेली आहे. इंग्लंडमध्ये जुनाट किंवा वारंवार उद्‌भवणारी कंबरदुखी असलेल्या ५७९ जणांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर, नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्या गटात गेल्या चार आठवड्यांपैकी २१ दिवस दुखण्यात गेले होते. प्रशिक्षित शिक्षकाकडून अलेक्झांडर पद्धतीचे २४ धडे घेतलेल्या गटात ३ दिवस. सहा धडे आणि जोडीला चालण्याचा व्यायाम, यानेही बराच फायदा झाला. मालिश घेतलेल्यांना तीन महिन्यांनी बरं वाटत होतं, वर्षाने मात्र त्यांच्या दैनंदिन हालचालींतला तो फायदा टिकला नव्हता. मालिश वाईट म्हणून नव्हे. मालिशने स्नायू सुटतात, पण ते पुन्हा आवळणारी सवय टेबलावरून उठून आपल्याबरोबर घरी येते.

लक्ष देऊन केलेली हालचाल हळू आणि लहान का असावी, याचं उत्तर मला मोशे फेल्डनक्राइस या भौतिकशास्त्रज्ञाच्या कामात मिळालं. गुडघ्याच्या जुन्या दुखापतीने त्रस्त झाल्यावर त्याने स्वतःच्या हालचालींचा अभ्यास सुरू केला. त्याचा आधार साधा होता: हातात वीस किलो असतील तर वर बसलेली माशी जाणवत नाही, हातात पीस असेल तर जाणवते. जोर जितका कमी, तितका बारीक फरक कळतो. दात-ओठ खाऊन केलेल्या ताणण्यातून शरीर फारसं शिकत नाही, ते त्यामुळेच. मान वळवून पाहायची तर दुखेपर्यंत वळवू नका. दुखण्याच्या बरंच अलीकडे थांबा, परत या, पुन्हा जा, आणि या वेळी डोळे मानेच्या उलट दिशेला फिरवा. चार-सहा वेळा असं केल्यावर मान पूर्वीपेक्षा पुढे जाते, आणि तिला कुणी ओढलेलं नसतं.

श्वासाबद्दल थोडंसंच सांगते, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं जातं. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, मागच्या बाजूने थेट कंबरेच्या वरच्या मणक्यांना जोडलेलं असतं. श्वास रोखला की कंबर कडक होते. जड ओझं उचलताना ते कामाचंही आहे. पण ईमेल लिहिताना, बुटाची नाडी बांधताना, सुईत दोरा ओवताना रोखलेल्या श्वासाचा काहीच उपयोग नाही. वाक्य लिहून झाल्यावर मोठा उसासा निघतो का, एवढं पाहावं. निघत असेल तर आधी तो कोंडलेला होता.

ओझं उचलण्याविषयी सर्वांना एकच पाठ असतं: पाठ सरळ ठेवा, गुडघे वाकवा. ओझी हाताळणाऱ्यांना अशा पद्धतींचं प्रशिक्षण देऊन कंबरदुखी टळते का, याचं कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे एकत्र आढावे घेणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये परीक्षण केलं, तर फायदा दिसला नाही. माझ्या अनुभवात दोन गोष्टी खूप फरक पाडतात. एक, ओझं अंगाजवळ असणं. विल्केंच्या त्याच मोजमापात वीस किलो अंगाशी धरल्यावर दाब १.१ मेगापास्कल होता, छातीपासून साठ सेंटिमीटर दूर धरल्यावर १.८. दुसरी, वाकणं खुब्यातून आहे की कंबरेतून, हे कळणं. पुष्कळांना आपला खुबा नेमका कुठे आहे तेच माहीत नसतं. पॅन्टच्या पट्ट्यापाशी वाकायचं असं वाटतं, आणि सगळं वाकणं कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येतं. जांघेतल्या घडीत दोन्ही हातांच्या कडा रुतवा आणि त्या घडीत हात दाबला जाईल असं वाका. बूड मागे जाईल, पाठ फारशी बदलणार नाही. खुबा तिथे आहे.

आणि सकाळी जरा सबुरीने. रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगतात. विल्केंच्या स्वयंसेवकात झोपेच्या सात तासांत दाब ०.१० वरून ०.२४ वर गेला होता. म्हणून उठल्या उठल्या अंग आखडलेलं असतं, आणि तेव्हा खाली वाकून ओझं उचलणं किंवा पायाची बोटं धरण्याचा हट्ट करणं कंबरेला जड जातं. कंबर दुखणाऱ्यांनी सकाळचे पहिले एक-दोन तास खोल वाकणं टाळलं तर दुखणं कमी होतं, असं १९९८ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. आधी आळोखेपिळोखे, मग घरात थोडं चालणं, मग बाकीचं.

दुखणं उसळलं की पडून राहावं, हा सल्लाही आता मागे पडला आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत अचानक कंबर धरलेल्या रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहायला सांगितलं गेलं. जास्त विश्रांतीने जास्त काही साधलं नाही, कामाचे दिवस तेवढे बुडाले. १९९५ मध्ये हेलसिंकीत अंथरुणातली विश्रांती, पाठीचे व्यायाम आणि झेपेल तितपत नेहमीचे व्यवहार अशी तुलना झाली, आणि नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर सावरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. जुनाट कंबरदुखीसाठी संघटनेने २०२३ मध्ये जे मार्गदर्शन दिलं, त्यात व्यायाम आणि माहिती-शिक्षणाची शिफारस आहे, तर कंबरपट्टे आणि ट्रॅक्शन (पाठीला ओढ देण्याचा उपचार) नेहमीचा उपाय म्हणून देऊ नयेत असं म्हटलं आहे.

काही दुखण्यांत मात्र यांपैकी काहीही करत बसू नये. जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यांत त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवं. ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, मोठा अपघात, किंवा कशानेच न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टर, मग हालचालींचा विचार.

माझा खवाटा अजूनही कधीकधी ठणकतो. काम अंगावर आलं, झोप कमी पडली, मनाला घोर लागला की हमखास. अशा दिवशी मी व्यायाम वाढवत नाही आणि आडवीही होत नाही. खुर्ची थोडी मागे कलती करते, कोपराखाली जाड उशी घेते म्हणजे हात तोलायला लागत नाही. पान संपलं की उठते, दारापर्यंत जाऊन परत येते. लांब मजकूर असेल तर त्याचा छापील कागद घेऊन उभ्याने वाचते, भिंतीला पाठ टेकून, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत. संध्याकाळी हात मोकळे सोडून वीसेक मिनिटं चालते, चालताना बरगड्या आणि खुबे उलटसुलट दिशांना वळतात त्याकडे थोडं लक्ष देत. दोन-तीन दिवसांत ठणका उतरतो. एखाद्या वेळी आठवडाही लागतो.